मुकी झालेली किल्ली

बोर्डीचा किनारा हिंवाळ्यांतील रविवारीं संध्याकाळीं पाहण्यासारखा असतो. सुरूच्या झाडांखालीं मुंबईकडच्या मोटारी ओळीनें उभ्या असतात, ओहोटीनें उघडी पडलेली ओली वाळू दूरवर चमकत असते, आणि घोलवडचे चिकू विकावयास बसलेल्या बायका आपल्या पाट्या आवरूं लागलेल्या असतात. अशा वेळीं एखादें कुटुंब परत निघतें. गृहस्थ खिशांतून मोटारची किल्ली काढून तिचें बटण दाबतात. परंतु नेहमींचा 'खट्' असा आवाज येत नाहीं, दिवेहि लुकलुकत नाहींत. ते पुन्हां दाबतात, जोरानें दाबतात, हात उंच करून दाबतात. अंधार पडूं लागलेला, मुलें भुकेलेलीं, सामान सगळें मोटारींत, आणि मुंबई कितीतरी दूर! डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत, किनाऱ्यावर काय किंवा महामार्गावर काय, हा प्रसंग कोणावरहि येऊं शकतो. आणि अशा वेळीं घाबरलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक चूक करतो. एक तर तो दगडानें कांच फोडतो, नाहीं तर मोटार दुसऱ्या वाहनावर लादून शहरांतील कारखान्यांत धाडतो. वस्तुतः अशा वेळीं किल्ली मेलेली असतेच असें नाहीं. पुष्कळदां ती केवळ मुकी झालेली असते, आणि तिच्या पोटांतील स्वस्त चकती बदलली कीं ती पुन्हां बोलूं लागते.

एक अपवाद मात्र आधींच सांगितला पाहिजे. लहान मूल मोटारींत अडकलें असेल तर किल्लीचा विचार सोडून द्यावा. उन्हांत बंद असलेल्या मोटारींतील उष्णमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें १० अंश सेल्सिअसनें चढतें, आणि मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षां लवकर तापतें. अशा वेळीं ११२ या क्रमांकावर मदत मागावी, आणि ती येईपर्यंत वाट न पाहतां मुलापासून सर्वांत दूरची बाजूची कांच कोपऱ्यावर घाव घालून फोडावी. बाजूच्या कांचेचा बहुधा भुगा होतो. पुढची कांच दुहेरी व चिकटविलेली असते, तिच्यावर श्रम घालवूं नयेत. इतर सर्व प्रसंगीं कांच शाबूत राहूं द्यावी.

हल्लींच्या मोटारची किल्ली दिसावयास एक असली तरी तिच्यांत तीन किल्ल्या एकत्र नांदत असतात, आणि त्या तिघींचा परस्परांशीं संबंध वाटतो त्याहून पुष्कळच कमी आहे. बटण चालेनासें झालें म्हणजे फक्त एकीनें संप केलेला असतो. हें एकदां ध्यानांत आलें कीं निम्मी भीति जागच्या जागीं नाहींशी होते.

पहिली किल्ली लोखंडी पात्याची. तिच्याविषयीं सांगण्यासारखें फारसें नाहीं. आजोबांच्या पेटीची किल्ली ज्या तत्त्वावर चालत असे त्याच तत्त्वावर ती चालते.

दुसरी किल्ली डोळ्यांना दिसतच नाहीं. मुठीच्या आंत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी कांचेची नळी, किंवा काळ्या रंगाची लहानशी वडी, बसविलेली असते. इंजिन सुरू करण्याची परवानगी मागण्याचें काम तिचें. तिला सेल लागत नाहीं, ही तिच्यासंबंधींची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चारोटीच्या पथकर नाक्यावरून गेलेल्या मनुष्यास हें समजावयास कठीण जाऊं नये. मोटारच्या पुढच्या कांचेवर चिकटविलेल्या फास्टॅगमध्यें कोठें सेल असतो? नाक्यावरचें यंत्र विद्युल्लहरी सोडतें, त्या लहरींच्याच शक्तीवर तो चिकटविलेला तुकडा जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि पुन्हां झोपीं जातो. मोटारींतहि तसेंच घडतें. किल्लीच्या खोबणीभोंवतीं तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून सेकंदास सुमारें सव्वा लाख आवर्तनांच्या लहरी निघतात, त्यांच्या बळावर मुठींतील नळी उत्तर देते, आणि तें उत्तर बरोबर असेल तरच इंजिन चालूं राहतें. मात्र हें संभाषण कांहीं बोटांच्या अंतरापलीकडे होऊं शकत नाहीं. चोरांच्या बंदोबस्तासाठीं ही योजना युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली व पुढें जगभर पसरली.

तिसरी किल्ली बोलकी. ती म्हणजे एक चिमुकलें नभोवाणी केंद्रच होय. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें जें केंद्र सुरू झालें त्याची शक्ति दीड किलोवॉट होती. किल्लींतील केंद्राची शक्ति वॉटच्या कांहीं सहस्रांशांइतकीच असते. त्यामुळें तिचा आवाज पांचपन्नास पावलांपलीकडे पोंचत नाहीं, आणि पोंचूंहि नये. आपल्याकडील पुष्कळशा किल्ल्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदास सुमारें ४३ कोटी ३९ लाख आवर्तनांच्या लहरींवर, बोलतात. या लहरीची लांबी सुमारें ६९ सेंटिमीटर, म्हणजे दोन हातांहून कमीच, भरते. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत फ्रान्समधील रेनो कंपनीनें आपल्या 'फ्युएगो' मोटारीस अशी दुरून चालणारी किल्ली दिली तेव्हां ती रेडिओवर नव्हे, तर अवरक्त किरणांवर चालत असे, व ती कुलपाच्या दिशेनें नेमकी धरावी लागे. तिचा कल्पक पॉल लिपशुट्झ याच्या नांवावरून फ्रेंच लोक अशा किल्लीला 'प्लिप' म्हणतात. आजच्या किल्लीला नेम धरण्याची गरज नाहीं. सेल अशक्त झालेला असतांना किल्ली हनुवटीला टेकवून बटण दाबलें तर आवाज थोडा अधिक दूर जातो, हें मात्र खरें आहे. बघणाराला हा प्रकार वेडेपणाचा वाटतो; परंतु डोक्यांतील पाण्याच्या अंशामुळें लहरींच्या प्रसारास हातभार लागतो, त्यांत जादू कांहीं नाहीं.

आतां बोर्डीच्या किनाऱ्यावरील त्या कुटुंबाकडे वळावयास हरकत नाहीं. प्रथम त्यांनीं मोटारीच्या अगदीं जवळ, दाराशीं किल्ली नेऊन बटण दाबून पाहावें. एवढ्यानें भागलें नाहीं तर पातें बाहेर काढावें. ज्या किल्ल्या गुळगुळीत वडीसारख्या दिसतात त्यांच्याहि पोटांत पातें दडलेलें असतें. कडेचा बारीक खटका सरकवला कीं तें बाहेर येतें. दाराला खोबण दिसत नसेल तर चालकाच्या बाजूच्या मुठीच्या टोकाशीं लहानसें झांकण असतें, त्याखालीं ती सांपडते. पात्यानें दार उघडतांच कांहीं मोटारी चोर आला असें समजून भोंगा वाजवूं लागतात. चार माणसें जमतात, मुलें रडूं लागतात, गृहस्थ ओशाळतात. ओशाळण्याचें कारण नाहीं; खरी किल्ली ओळखून इंजिन चालू झालें कीं बहुतेक मोटारींचा भोंगा आपोआप थांबतो.

खोबणींत किल्ली फिरविण्याची मोटार असेल तर ती येथें लगेच सुरू होईल, कारण दुसरी किल्ली सेलवर अवलंबून नाहीं. बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारींत किल्ली थेट त्या बटणाला टेकवून तें दाबावें. कांहीं मोटारींत यासाठीं दांड्याजवळ किंवा पेला ठेवण्याच्या खळग्यांत ठराविक जागा असते, आणि ती कोणती हें पुढच्या खणांतील पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. ही पुस्तिका मोटार घेतल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या वेष्टणांतून बाहेर आलेली नसते, हें निराळें सांगावयास नको.

बटणाच्या मोटारींबाबत महामार्गावर आणखी एक फसगत संभवते, आणि तिचा सेलशीं कांहीं संबंध नसतो. एकदां सुरू झालेलें इंजिन किल्ली दूर गेली तरी बंद पडत नाहीं; वाटेंत इंजिन अकस्मात् थांबणें धोक्याचें म्हणून मुद्दामच तशी योजना केलेली असते. समजा, ज्याच्या खिशांत किल्ली आहे तो पाहुणा चारोटीला डहाणूकडे जाण्यासाठीं उतरला आणि मोटार मुंबईकडे निघाली. मोटार दोनचार वेळां चीं चीं करते, समोरच्या तबकडीवर सूचनाहि झळकते. गप्पांच्या भरांत तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. मनोरला चहासाठीं इंजिन बंद केलें कीं मग तें चालू होत नाहीं. येथें सेल बदलून उपयोग काय? किल्ली तर डहाणूच्या रिक्षांत बसलेली असते!

घरीं पोंचल्यावर खरें निदान करावें, आणि तें करण्याचा सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे दुसरी किल्ली आणून तिचें बटण दाबणें. दुसरी चालली तर दोष पहिल्या किल्लींत आहे, मोटारीला हात लावण्याचें कारण नाहीं. दोन्ही चालत नसतील तर दोष मोटारींत किंवा त्या जागेच्या हवेंत आहे, आणि किल्लीवर पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं. ही साधी परीक्षा न करतां नवी किल्ली मागविणारे लोक थोडे नाहींत.

दोन्ही किल्ल्या निकामी झाल्यासारख्या वाटल्या तर प्रथम मोटारीच्या मोठ्या बॅटरीकडे पाहावें. घोलवड-बोर्डीकडील वाड्यांतून कांहीं मोटारी आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. उभ्या मोटारींतहि घड्याळ, चोरसूचक यंत्र आणि किल्लीचा आवाज ऐकण्यासाठीं जागा असलेला कान, हे सर्व थोडी थोडी वीज पीत असतात. विश्रांतींत १२.६ व्होल्टच्या आसपास असणारी बॅटरी १२ च्या खालीं घसरली म्हणजे आंतला दिवा पिवळट दिसतो, मग कुलपें हलत नाहींत. किल्ली ओरडत असते, पण ऐकणाराच्या अंगांत उठण्याचें त्राण नसतें.

हवेंतील दोष त्याहून विरळा. २०१९ सालीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, नॉर्थ ओल्मस्टेड गांवच्या एका वस्तींत, अनेक घरांच्या मोटारींच्या व गॅरेजच्या किल्ल्या एकाएकीं चालेनाशा झाल्या. पुष्कळ शोधाअंतीं असें आढळलें कीं, तेथील एका हौशी रहिवाश्यानें, घरांत वरच्या मजल्यावर कोणी आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून, एक यंत्र स्वतः बनविलें होतें. तें त्याच कंपनसंख्येवर अखंड कुजबुजत होतें व बाकीच्यांचें बोलणें बुडवीत होतें. त्याच्या मनांत कांहींच वाईट नव्हतें. आपल्याकडेहि बिनतारी घंटी किंवा मोटारींतील हलक्या प्रतीचा मोबाइल-चार्जर हा उपद्रव करूं शकतो. एकाच जागीं किल्ली रुसते आणि इतरत्र चालते, हें त्याचें लक्षण.

बहुतेक प्रसंगीं मात्र दोष पहिल्याच किल्लींत निघतो, आणि तोहि सेलचा. हा सेल म्हणजे रुपयाच्या नाण्याहून किंचित् लहान अशी लिथियमची चकती. तिच्यावर बहुधा 'सीआर २०३२' असें लिहिलेलें असतें. त्यांतील २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. नव्या चकतीचा दाब तीन व्होल्टहून थोडा अधिक असतो. बटण दाबल्यावर किल्लीवरील तांबडा दिवा लागतो म्हणून सेल ठीक आहे असें समजूं नये. दिव्याला पुरणारी वीज बोलण्याला पुरेलच असें नाहीं. अगोदर अंतर हळूहळू कमी होत गेलें असेल, बटण दोनदोनदां दाबावें लागत असेल, तर दोष सेलचाच समजावा.

कवच उघडतांना खांचेंत नखाऐवजीं बोथट टोक घालावें, जुनी चकती कोणती बाजू वर करून बसली होती हें पाहून ठेवावें, आणि नवी चकती कडांना धरावी. मुलांनीं तोंडांत घातली तर थुंकून टाकावी म्हणून कांहीं कंपन्या चकतीला कडू लेप देतात. हेतु उत्तम, परंतु कांहीं यंत्रांत तो लेप विजेच्या वाटेंतच आडवा येतो. नवी चकती घालूनहि किल्ली मुकीच राहिली तर बिनलेपाची घालून पाहावी.

तो कडू लेप उगाच देत नाहींत. ही चकती लहान मुलानें गिळली तर ती अन्ननलिकेंत अडकते, ओलाव्यानें तिच्यांतून वीज वाहूं लागते, तेथें दाहक क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत नलिका गंभीरपणें भाजूं शकते. किल्लीला निकामी झालेली चकतीहि एवढें काम करूं शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी क्ष-किरणांची सोय असलेल्या रुग्णालयांत तात्काळ न्यावें. वांती करवूं नये, जेवण देऊं नये. एक वर्षावरील मूल गिळूं शकत असेल तर वाटेंत दर दहा मिनिटांनीं दोन चमचे मध, असें सहा वेळांपर्यंत, द्यावा असा वैद्यकीय सल्ला आहे. परंतु मध शोधण्यासाठीं क्षणभरहि थांबूं नये. काढलेल्या चकतीच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून ती वर ठेवावी.

चकती नवी असूनहि किल्ली बोलत नसेल तर आंत डोकावावें. डहाणूच्या किनाऱ्यावर हवेंतच मीठ आहे. जून ते सप्टेंबरच्या दमटपणांत तें पितळी पट्ट्यांवर हिरवट कळंक चढवितें, आणि मग चकती व पट्टी यांचा स्पर्श केवळ दिसण्यापुरता राहतो. स्वच्छ खोडरबरानें पट्टी हलकेंच घासावी, किंचित् उचलून द्यावी, एवढ्यानें काम होतें. किल्ली समुद्राच्या पाण्यांतच पडली असेल तर गोष्ट निकडीची. खारें पाणी व सेल यांचा योग झाला कीं तांब्याच्या बारीक रेषा पाहतां पाहतां खाल्ल्या जातात. म्हणून तिथल्या तिथें सेल काढावा; मग किल्ली गोड्या पाण्यानें निःशंक धुवावी, कारण आतां शत्रु पाणी नसून मीठ आहे; शेवटीं आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून पूर्ण एक दिवस सावलींत वाळवावी. तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची जी रीत सांगतात तिनें मीठ कांहीं जात नाहीं.

कधीं कधीं सेल, पट्ट्या, बटणें सर्व शाबूत असतात आणि तरीहि मोटार ऐकत नाहीं. येथें भांडण ओळखीचें असतें. चोरानें हवेंतला संकेत टिपून ठेवूं नये म्हणून किल्ली प्रत्येक वेळीं नवा संकेत उच्चारते. आजचा उद्यां चालत नाहीं. दोघांचीहि मोजणी बरोबर चालली आहे तोंपर्यंत ठीक. परंतु घरांत मुलानें खेळतां खेळतां शेकडों वेळां बटण दाबलें तर किल्ली पुढें जाते, मोटार मागें राहते. दक्षिण आफ्रिकेंत १९८० नंतरच्या दशकांत निघालेल्या 'कीलॉक' या प्रसिद्ध पद्धतींत सोळा पावलांपर्यंतचा फरक मोटार निमूटपणें खपवून घेते. त्याहून अधिक असेल तर लागोपाठचे दोन संकेत ऐकून ओळख पटवते. म्हणून मोटारीजवळ उभें राहून बटण सावकाश दोनतीनदां दाबावें. त्यानें न साधल्यास मोटारीच्या पुस्तिकेंतील ओळख पटविण्याची कृति करावी. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि दुसऱ्याच्या मोटारीवरून आपल्या मोटारीवर अंदाज बांधण्यांत अर्थ नाहीं.

राहतां राहिलें झिजलेलें बटण. कवच दाबलें जातें, पण आंतील सूक्ष्म खटका वाजत नाहीं, किंवा किल्ली पडल्यानें त्याचा डांक सुटलेला असतो. मोबाइल दुरुस्त करणारा कुशल कारागीर हें काम करूं शकतो. त्यासाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं. नवी किल्ली मोटारीस शिकवावयाची असेल तेव्हां मात्र मोटारींतील निदानाच्या खोबणीला यंत्र जोडावें लागतें, आणि तें अधिकृत कारखान्यांत किंवा जाणत्या किल्लीवाल्याकडेच होतें. एक तरी किल्ली हातीं असतांना तें काम स्वस्तांत होतें. दोन्ही गेल्यावर खर्च कितीतरी वाढतो. मोटारीबरोबर मिळालेल्या बिल्ल्यावरचा किल्लीचा क्रमांक घरीं लिहून ठेवलेला असावा. मोटारीच्या खणांत ठेवलेल्या बिल्ल्याचा ऐन वेळीं उपयोग नाहीं.

केवळ कवच फुटलें असेल तर बाजारांत नुसतें कवच मिळतें, व पुष्कळ लोक तें घरींच बदलतात. बटणांची पट्टी नव्या कवचांत जाते, पातें जातें, सेल जातो. दारें छान उघडतात. मग इंजिन कांहीं केल्या सुरू होत नाहीं, आणि तास दोन तास गेल्यावर कोणाला तरी आठवतें कीं, तांदळाच्या दाण्यासारखी ती नळी जुन्या कवचाच्या कोपऱ्यांत चिकटलेली होती आणि तें कवच सकाळींच कचऱ्याच्या गाडींत गेलें.